पक्षांतर आणि उणे क्ष: भांडुपच्या एका शाळेतील बीजगणित शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचा प्रकरण अभ्यास

भांडुपमधील मराठी माध्यमाच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी एका शैक्षणिक वर्षात आपल्या बीजगणिताच्या अध्यापनावर एकत्र बसून जे काम केले, त्याची ही नोंद आहे. शाळेचे व शिक्षकांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. शाळेबाहेरून येणारी सहकारी म्हणून मी त्यांच्या बैठकांना आणि काही तासांना उपस्थित होते. शिक्षक प्रशिक्षणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते बहुधा तास, उपस्थिती आणि प्रमाणपत्रे यांच्या हिशेबात लिहिले जाते; एका समीकरणाच्या एका पायरीवर चार शिक्षकांनी मिळून विचार केला तर काय निष्पन्न होते, याचा तपशील क्वचितच वाचायला मिळतो. हे प्रकरण त्या एका पायरीचे आहे.

शाळेची परिस्थिती

शाळा पाचवी ते दहावी अशी असून ती सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत भरते. गणिताचे शिक्षक चार: दहावीला अनेक वर्षे शिकवणाऱ्या आणि निकालाबद्दल शाळेत मान असलेल्या एक ज्येष्ठ बाई, नववीचे सर, आठवीच्या बाई आणि सेमी इंग्रजी तुकड्यांना शिकवणारे, नुकतेच सेवेत कायम झालेले एक तरुण सर. यांपैकी दोघे बदलापूर आणि टिटवाळ्याहून लोकलने येतात, त्यामुळे शाळा सुटल्यावर थांबणे त्यांना परवडत नाही. कोणतीही बैठक घ्यायची तर ती शाळेच्या वेळेतच घ्यावी लागते, ही या प्रकरणातली पहिली अट होती.

मुले आसपासच्या चाळींतून, डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून आणि पुनर्वसनाच्या इमारतींतून येतात. महापालिकेच्या ज्या शाळा आठवीपर्यंतच आहेत, तेथील मुले नववीत या शाळेत दाखल होतात, त्यामुळे नववीच्या वर्गात निरनिराळ्या शिक्षकांकडून बीजगणिताची सुरुवात करून आलेली मुले एकत्र बसलेली असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा संध्याकाळचा क्लास असतो आणि तेथे वेगळी युक्ती शिकवलेली असते.

राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या गणितात भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची असते आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण धरून विषय १०० गुणांचा होतो. दहावीच्या भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे व वर्गसमीकरणे ही सुरुवातीचीच दोन प्रकरणे आहेत आणि ज्याला आठवीतली एकचल समीकरणे नीट जमत नाहीत तो येथेच अडखळतो. शाळेची अडचणही तेथेच होती. भूमितीत बरे गुण मिळवणारी मुलेसुद्धा बीजगणितात साध्या समीकरणाच्या चिन्हांत चुकत होती आणि शिक्षक खोलीत या चुकांना एकच नाव होते: निष्काळजीपणा.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे

जूनच्या अखेरीस नववीच्या वर्गाची पूर्वज्ञान चाचणी झाली होती. पहिल्या बैठकीत कोणतेही व्याख्यान ठेवले नाही. त्या चाचणीतला एकच प्रश्न निवडला:

−३क्ष + ७ = १९

शिक्षकांना विनंती अशी होती की, उत्तरपत्रिका गुणांनुसार न लावता मुलाने काय विचार केला असेल त्यानुसार त्यांचे गठ्ठे करावेत. टेबलावर लवकरच निरनिराळे गठ्ठे दिसू लागले. बरोबर उत्तराचा, म्हणजे क्ष = −४ चा, एक गठ्ठा होता. त्याहून मोठा गठ्ठा असा होता ज्यात −३क्ष = १२ येथपर्यंत सर्व नीट होते आणि पुढची ओळ क्ष = १२ ÷ ३, म्हणून क्ष = ४ अशी होती. तिसऱ्या गठ्ठ्यात −३क्ष = १२ नंतर क्ष = १२ + ३ = १५ असे लिहिले होते. काही मुलांनी −३क्ष + ७ यांचे थेट ४क्ष करून टाकले होते आणि काही कागद कोरे होते.

नववीच्या सरांनी दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून विचारले की, भागताना उणे चिन्ह कुठे गेले. मुलाने अडखळत नव्हे, पूर्ण खात्रीने सांगितले, “सर, तीनच्या आधी उणे आहे ना? तिकडे गेला की त्याचा अधिक होतो. बाजू बदलली की चिन्ह बदलतं.” पंधरा हे उत्तर काढणाऱ्या मुलीचे स्पष्टीकरणही तेच होते, तिच्या दृष्टीने उणे तीन पलीकडे गेला आणि अधिक तीन झाला. दोन वेगवेगळ्या चुका एकाच नियमातून जन्मल्या होत्या आणि दोन्ही मुले तो नियम प्रामाणिकपणे पाळत होती.

हा क्षण मला या प्रकरणात फार मोलाचा वाटतो, कारण तेथून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बैठकीतून हळूहळू मागे पडला. जी चूक एकच मूल त्याच पद्धतीने वारंवार करते तिच्यामागे एक विचार असतो आणि तो विचार बऱ्याचदा आपल्याच फळ्यावरून त्याच्याकडे गेलेला असतो, हे मान्य करणे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला सोपे नसते.

ज्येष्ठ बाईंनी ते लगेच मान्य केलेही नाही आणि त्यांचा आक्षेप वजनदार होता. त्यांचे म्हणणे असे की, मुलांना मुळात उणे संख्यांचे गुणाकार-भागाकारच येत नाहीत. पक्षांतराला, म्हणजे पद एका बाजूकडून दुसरीकडे नेताना त्याचे चिन्ह बदलण्याच्या नियमाला, दोष देण्यात अर्थ नाही. “पक्षांतर शिकवूनच माझी मुलं दहावीला चाळीसपैकी अडतीस-अडतीस आणतात,” त्या म्हणाल्या. यावर वाद घालत बसण्याऐवजी सर्वांनी मिळून एक छोटी चिठ्ठी तयार केली. तिच्यावर दोनच प्रश्न होते: −३ ला कितीने गुणले की १२ येतील, हा पहिला; आणि −३क्ष = १२ तर क्ष किती, हा दुसरा. मोठ्या गठ्ठ्यातल्या मुलांना ती चिठ्ठी दिली. बहुतेकांनी पहिल्याचे उत्तर −४ असे बरोबर लिहिले आणि त्याच कागदावर खाली क्ष = ४ असे लिहिले. म्हणजे पूर्णांकांचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. समीकरण दिसताच ते ज्ञान बाजूला ठेवून मुले नियमाकडे वळत होती. ज्यांचे दोन्ही प्रश्न चुकले अशी काही मुलेही होती आणि त्यांच्या बाबतीत बाईंचे निदान खरे ठरले. दोन्ही प्रकारच्या मुलांना एकच उपाय चालणार नाही, हे त्या चिठ्ठीने दाखवून दिले.

शिक्षकांचे स्वतःचे गणित

पुढच्या बैठकांत विद्यार्थ्यांचा विषय थोडा बाजूला ठेवून शिक्षकांनी स्वतः गणित केले. माझ्या मते शिक्षकांच्या व्यावसायिक विकासात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग हाच आहे. आठवीचे समीकरण शिक्षकाला सोडवता येते यात शंका नाही. प्रश्न असा असतो की, प्रत्येक पायरी का चालते आणि कोठे चालत नाही, हे त्याला मुलासमोर उलगडून दाखवता येते का. अमेरिकेतील शिक्षण संशोधक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारे त्याच विषयाचे खास ज्ञान यांत जो फरक केला, तो येथे अगदी प्रत्यक्ष दिसत होता.

चर्चेसाठी तीन समीकरणे ठेवली होती. पहिले होते ३क्ष + ५ = ३क्ष + ९. पक्षांतर केले की ३क्ष नाहीसा होतो आणि ० = ४ उरते. यावर चार शिक्षकांची चार मते झाली. एकाने उत्तर शून्य म्हटले, एकाने उदाहरण चुकीचे छापले आहे असे म्हटले, तरुण सरांनी उकल नाही असे सांगितले पण का नाही हे सांगताना ते थांबले, आणि ज्येष्ठ बाईंनी असे उदाहरण परीक्षेत येत नाही असे सांगितले. मग हळूहळू बोलणे मूळ अर्थाकडे वळले. समीकरण म्हणजे एक विचारणा आहे: कोणत्या संख्येसाठी डावी व उजवी बाजू सारख्या होतात? कोणतीही संख्या घेतली तरी तिच्या तिपटीत ५ मिळवून जे येईल तेच तिच्या तिपटीत ९ मिळवून येणार नाही. ० = ४ ही ओळ म्हणजे उदाहरणातली चूक नसून अशी संख्याच नाही, ही त्या विचारणेला मिळालेली माहिती आहे. हे बोलणे चालू असतानाच ज्येष्ठ बाईंच्या लक्षात आले की, दहावीत दोन चलांच्या समीकरणांत रेषा समांतर आल्या की, किंवा क्रेमरच्या पद्धतीत चलांना गुणणाऱ्या संख्यांवरून काढलेल्या निश्चयकाची किंमत शून्य आली की मुले जेथे गोंधळतात, ती जागा हीच आहे. आठवीत ० = ४ या ओळीशी गाठ पडलेले मूल दहावीत त्या रेषांसमोर इतके बिचकणार नाही, हे त्यांनी स्वतःच मांडले.

दुसरे समीकरण होते क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले की क्ष = ५ मिळते आणि क्ष = ० ही उकल हातची जाते. तिसरे होते √क्ष = −३. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष = ९ मिळते, पण ते मूळ समीकरणाचे समाधान करीत नाही. एका क्रियेने उकल हरवली, दुसरीने नसलेली उकल आत आणली. यातून शिक्षकांनी जो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला तो वर्षभर पुसला गेला नाही: कोणती क्रिया केली असता आधीच्या आणि नंतरच्या समीकरणाच्या उकली त्याच राहतात? दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली किंवा वजा केली तर राहतात. शून्येतर संख्येने गुणले किंवा भागले तर राहतात. चलाने भागले तर त्याची हमी नाही. पक्षांतराचा नियम चुकीचा नाही. तो या क्रियांचा संक्षेप आहे आणि सराव झालेल्या हाताला तो उपयोगी पडतो. मात्र जो विद्यार्थी थेट संक्षेपच शिकतो त्याच्यापुढे हा प्रश्न कधीच उभा राहत नाही आणि म्हणून ‘मिळवलेला ३’ व ‘गुणलेला ३’ पलीकडे जाताना वेगळे वागतात याचे कारण त्याला सापडत नाही.

याच सुमारास मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर केलेल्या कामाची चर्चा झाली. अंकगणितातून बीजगणिताकडे जाताना मुलांना राशीतील पदे चिन्हासकट ओळखायला शिकवणे, हा त्या कामाचा गाभा आहे. १९ − ७ + ४ या राशीत +१९, −७ आणि +४ अशी तीन पदे आहेत असे पाहणारे मूल ७ आणि ४ यांची आधी बेरीज करून १९ − ११ असे लिहिण्याची शक्यता कमी होते. आठवीच्या बाईंना यातून −३क्ष + ७ कडे पाहण्याची दिशा मिळाली: −३क्ष हे एक पद, त्यातला सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या, −३, आणि +७ हे दुसरे पद. पद हलते तेव्हा आणि सहगुणकाने भागतो तेव्हा आपण दोन निराळ्या गोष्टी करीत असतो, हे मुलांना दिसायचे असेल तर आधी पदे दिसली पाहिजेत.

तासाचे नियोजन आणि तराजूचा प्रश्न

ऑगस्टमध्ये शिक्षकांनी आठवीच्या एका तुकडीसाठी मिळून एक तास आखला. एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी निरीक्षण करायचे, नंतर चर्चा करून सुधारलेला तास दुसऱ्या तुकडीत दुसऱ्याने घ्यायचा, ही जपानमध्ये शाळाशाळांतून रूढ असलेली पाठ-अभ्यासाची पद्धत आहे. येथे तिचे अगदी छोटे रूप वापरले. निरीक्षकांसाठी दोन नियम ठरले. प्रत्येकाने दोन-तीन मुलांच्या जवळ बसून त्यांच्या वहीत काय उमटते एवढेच टिपायचे, शिकवणाऱ्याविषयी शेरा लिहायचा नाही. आणि चर्चेत पहिले बोलणे शिकवणाऱ्याचे असेल. शाळेत तासाचे निरीक्षण म्हटले की पर्यवेक्षकांची वही आणि गोपनीय अहवाल आठवतात, त्यामुळे हे नियम कागदावर लिहून सर्वांनी वाचून घेणे आवश्यक होते.

नियोजनात सर्वाधिक चर्चा तराजूवर झाली. तरुण सरांना दोन पारड्यांचे चित्र वापरायचे होते आणि २क्ष + ३ = ११ साठी ते उत्तम चालते, कारण दोन्ही पारड्यांतून तीन काढले की तोल तसाच राहतो हे डोळ्यांना दिसते. आठवीच्या बाईंनी विचारले, “सर, पारड्यात उणे तीन क्ष कसे ठेवाल?” बेल्जियममधील संशोधक जोएल व्लासिस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच अनुभव नोंदवला आहे: तराजूमुळे दोन्ही बाजूंवर समान क्रिया करण्याची कल्पना मुलांत रुजते, परंतु ऋण संख्या आल्या की त्या चित्राचा आधार सुटतो. म्हणून असे ठरले की, तराजू पहिल्या दोन समीकरणांपुरता वापरायचा, नंतर फळ्यावरून पुसून टाकायचा आणि त्याच्या जागी वहीत उजवीकडे एक उभी रेघ ओढून ‘दोन्ही बाजूंना काय केले’ हे प्रत्येक ओळीसमोर लिहायचे. प्रत्येक उत्तराचा ताळा मूळ समीकरणात किंमत घालून करायचा, हेही ठरले.

तास

तास आठवीच्या बाईंनी घेतला. पाऊस जोरात असल्यामुळे उपस्थिती थोडी कमी होती. २क्ष + ३ = ११ आणि ५क्ष − २ = १३ ही समीकरणे मुलांनी सहज सोडवली, उजवीकडचा रकानाही भरला. मग −३क्ष = १२ आले. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने रकान्यात ‘३ ने भागले’ असे लिहिले आणि डावीकडे −क्ष = ४ असे लिहून ती थांबली. मी तिच्याजवळच बसले होते. तिने पेन्सिल खाली ठेवली, हात वर केला आणि विचारले, “बाई, उणे क्ष चार आला. मग क्ष किती?”

हा प्रश्न नियोजनात नव्हता. सर्वांनी मुले −३ ने भागतील किंवा ३ ने भागून उणे चिन्ह विसरतील असे धरले होते. ३ ने भागून चिन्ह जपून ठेवणारे आणि तेथेच थांबणारे मूल कोणाच्याच डोळ्यांसमोर आले नव्हते. बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी −क्ष = ४ ही ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि प्रश्न वर्गापुढे ठेवला. एक मुलगा म्हणाला, “क्ष चारच आहे, उणे नुसता पुढे लावलाय.” दुसरा म्हणाला, “असं होऊच शकत नाही, उणे क्ष म्हणजे उणेच असणार, चार कसा येईल?” हे वाक्य ऐकताच मागे बसलेल्या नववीच्या सरांनी वहीत काहीतरी भराभर लिहिले. तिसऱ्या एका मुलीने सांगितले की, ज्याच्यापुढे उणे लावल्यावर चार होतात तो उणे चार. बाईंनी तिघांचेही म्हणणे फळ्यावर लिहिले आणि वर्गाला ताळा करायला सांगितला. −३ × ४ = −१२ येते, −३ × (−४) = १२ येते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने रकान्यात आणखी एक ओळ जोडली: ‘दोन्ही बाजूंना −१ ने गुणले.’

या एका ओळीला तासाचा मोठा भाग गेला आणि नियोजनातली शेवटची दोन समीकरणे राहून गेली. चर्चेच्या वेळी बाईंना त्याचीच खंत होती. मात्र नववीच्या सरांनी आपली वही वाचून दाखवली, तेव्हा बोलण्याचा रोख बदलला. त्यांनी टिपले होते की, ‘उणे क्ष म्हणजे उणेच असणार’ हे त्या मुलाचे वाक्य आपल्या रोजच्या बोलण्यातूनही निघते. आपण −क्ष ला सहजपणे ऋण पद म्हणतो आणि क्ष ची किंमत ऋण असेल तर −क्ष धन असतो हे स्वतंत्रपणे कधीच शिकवत नाही. पुढे दहावीत वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र वापरताना ब ची किंमत −७ असली तर सूत्रातल्या −ब च्या जागी मुले −७ लिहितात, तीही हीच चूक. ज्येष्ठ बाईंनी त्यावर काही क्षण विचार केला आणि म्हणाल्या, “हे मी दरवर्षी दुरुस्त करते, पण कुठून येतं हे आज कळलं.”

दुसऱ्या तुकडीत तास तरुण सरांनी घेतला. नियोजनातून एक समीकरण कमी केले आणि −क्ष = ४ ही स्वतंत्र पायरी म्हणून आधीच घेतली. तो तास अधिक सुरळीत झाला, मात्र त्यात पहिल्या तासातली ती चर्चा झाली नाही, कारण अडचण मुलांना भेटण्यापूर्वीच सरांनी ती मांडून सोडवली होती. कोणता तास चांगला, याबद्दल चौघांत एकमत झाले नाही. माझ्या मते पहिला. पण दुसऱ्या तासात मागच्या बाकांवरील मुलांच्या वह्या अधिक भरलेल्या होत्या, ही ज्येष्ठ बाईंची नोंदही मला दुर्लक्षून चालणार नाही.

रिक्षाचे भाडे

दिवाळीनंतर नववीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणाकडे गट वळला. मुलांच्या परिचयाचे उदाहरण हवे म्हणून रिक्षाचे भाडे सुचले, कारण एक ठरावीक रक्कम आणि पुढे अंतराप्रमाणे वाढ, असे रेषीय नाते तेथे आयते मिळते अशी सर्वांची समजूत होती. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये भाडे आहे. नववीच्या सरांनी अंतर क्ष किलोमीटर व भाडे य रुपये धरून फळ्यावर लिहिले:

य = २६ + १७.१४(क्ष − १.५)

कंस सोडवल्यावर य = १७.१४क्ष + ०.२९ असे आले. सर्वजण पाहत राहिले. ज्या २६ ला अचल पद, म्हणजे अंतर बदलले तरी न बदलणारे पद, म्हणून मुलांसमोर ठेवायचे होते ते समीकरणात उरलेच नाही. उरले फक्त २९ पैसे. १७.१४ ला दीडने गुणले की २५.७१ येतात आणि तेच पूर्ण रुपयांत २६ झाले आहेत. म्हणजे दीड किलोमीटरनंतर रिक्षाचे भाडे जवळजवळ अंतराच्या समप्रमाणात आहे आणि दीड किलोमीटरच्या आत ते स्थिर आहे. अचल पदाचा अर्थ शिकवण्यासाठी हे उदाहरण निरुपयोगी ठरले, मात्र चलन (एका राशीने दुसरीच्या प्रमाणात बदलणे) आणि समीकरण यांतला फरक दाखवण्यासाठी ते फार चांगले ठरले. अचल पदासाठी वीजबिल निवडले. भांडुपचा वीजपुरवठा महावितरणचा आहे आणि घरगुती बिलात स्थिर आकार वेगळा छापलेला असतो. पहिल्या १०० युनिटांच्या टप्प्यात राहणारी बिले घेतली तर स्थिर आकार हे अचल पद आणि प्रतियुनिट दर हा सहगुणक, असे नाते मुले स्वतः शोधून काढू शकतात. बिले मुलांनी घरून आणली.

पाठ्यपुस्तकाबाहेरचे उदाहरण वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः शेवटपर्यंत सोडवून पाहावे, हे सांगायला सोपे आहे. एकट्या शिक्षकाला रोजच्या सहा-सात तासांच्या धबडग्यात तेवढी उसंत मिळत नाही आणि फळ्यापाशी चौघे उभे असले की ते सहज घडते.

काय बदलले, काय बदलले नाही

सहामाही परीक्षेत आठवीच्या दोन्ही तुकड्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा गठ्ठ्यांत लावल्या. −३क्ष = १२ सारख्या ठिकाणी चिन्ह गमावणाऱ्या मुलांचा गठ्ठा लहान झाला होता आणि ताळा करण्याची सवय बऱ्याच वह्यांत दिसत होती. त्याच वेळी एक नवा गठ्ठा दिसला: क्ष ÷ ४ = ३ असताना काही मुलांनी रकान्यात ‘दोन्ही बाजूंतून ४ वजा केले’ असे लिहून क्ष = −१ काढले होते. दोन्ही बाजूंना समान क्रिया करायची हे त्यांनी आत्मसात केले होते. कोणती क्रिया निवडायची, हे नव्हते. एका रेघेने आणि रकान्याने हा प्रश्न सुटत नाही आणि तो सुटला असा दावा या शिक्षकांनी केलेलाही नाही.

ज्येष्ठ बाई दहावीला आजही पक्षांतर शिकवतात. त्यांची भूमिका अशी की, दोन तासांच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक ओळीचे कारण लिहायला वेळ नसतो. मात्र जून-जुलैमध्ये वर्गसमीकरणांच्या आधी त्या आता तीन-चार तास उकली जपणाऱ्या आणि न जपणाऱ्या क्रियांना देतात आणि क्ष² = ५क्ष हे उदाहरण स्वतः फळ्यावर चुकीचे सोडवून मुलांना हरवलेली उकल शोधायला लावतात. त्यांनी आपली पद्धत सोडली नाही, तिच्या पायाशी असलेले गणित पुन्हा वर आणले. अनुभवी शिक्षकाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

वेळेचा प्रश्न

हे काम शक्य झाले ते मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकात केलेल्या एका बदलामुळे. चारही गणित शिक्षकांचा एक मोकळा तास दर पंधरवड्याला एकाच वेळी येईल अशी मांडणी त्यांनी जूनमध्येच केली. दोन सत्रांच्या शाळेत हे करण्यासाठी शारीरिक शिक्षण आणि चित्रकलेचे तास हलवावे लागले आणि त्या शिक्षकांची नाराजीही पत्करावी लागली. तरीही ठरलेला तास नेहमी मिळाला असे नाही. कोणी रजेवर असले की बदली तास घ्यावा लागे, मतदार नोंदणीचे काम येई, संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची मुदत जवळ येई, आणि मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या की बैठक आपोआप रद्द होई. निरीक्षणाच्या तासांसाठी ज्या वर्गांवर बदली शिक्षक पाठवले, त्या वर्गांचे नुकसान झाले हेही खरे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासात सहभागी व्हावे असे म्हटले आहे. माध्यमिक शिक्षकांसाठी केंद्र सरकारच्या ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचा दुसरा टप्पा २०२१ पासून ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर आला, आणि अनुदानित शाळांतील शिक्षकांना बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. या चौघांनी अशी प्रशिक्षणे केली आहेत आणि मूल्यमापन, सर्वसमावेशक शिक्षण, तंत्रज्ञानाचा वापर यांविषयी तेथे मिळालेली माहिती त्यांना उपयोगी पडली असे ते सांगतात. मात्र −क्ष = ४ या ओळीपाशी थांबलेल्या मुलीला काय विचारावे, हे राज्यभरातल्या सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी एकदाच तयार केलेल्या ध्वनिचित्रफितीत येऊ शकत नाही. त्यासाठी त्या मुलीची वही, तो वर्ग आणि तोच धडा शिकवणारे दुसरे शिक्षक समोर असावे लागतात. पन्नास तासांपैकी काही तास शाळेतल्या अशा विषयगटांसाठी राखून ठेवावेत आणि त्यांची नोंद इतर प्रशिक्षणाइतकीच ग्राह्य धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापिकांनी या बैठकांचे इतिवृत्त ठेवायला सुरुवात केली आहे. त्यात उपस्थितीबरोबर चर्चेत घेतलेले समीकरण आणि मुलांच्या उत्तरांचे नमुनेही असतात.

पुढील वर्षासाठी गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. क्ष ÷ ४ = ३ मधला नवा गठ्ठा हाताशी घेऊन, क्रिया उलटवण्याची कल्पना सहावी-सातवीपासून कशी आणता येईल हे पाहायचे आहे. आणि ज्या महापालिका शाळेतून नववीत सर्वाधिक मुले येतात, तेथील उच्च प्राथमिक गणित शिक्षकांना गटात घ्यायचे आहे. त्या शाळेचे सत्र दुपारचे आहे आणि या गटाचा मोकळा तास सकाळी येतो. दोन्ही मुख्याध्यापिकांनी महिन्यातला एक शनिवार त्यासाठी सुचवला असून तो जूनच्या वेळापत्रकात बसवायचा आहे.